चिकन म्हणजे नक्की काय? न्यूयॉर्कच्या कोर्टातलं एक प्रकरण

‘प्रश्न असा आहे की, चिकन म्हणजे काय?’ न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयाचं २७ डिसेंबर १९६० चं एक निकालपत्र या वाक्यानं सुरू होतं. अमेरिकेत करार-कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे प्रकरण हमखास येतं आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात त्यातलं हे पहिलं वाक्यच तेवढं उरतं. त्यामुळे असा समज होतो की कोर्टानं शब्दकोश उघडला, चिकनचा अर्थ ठरवला आणि निकाल दिला. कोर्टानं तसं काहीही केलं नाही. चिकन म्हणजे काय, हे त्या निकालात शेवटपर्यंत ठरलेलं नाही. ठरलं ते एवढंच, की दोन अर्थांतला अरुंद अर्थ, म्हणजे फक्त कोवळी कोंबडी, सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याला तो सिद्ध करता आला नाही. प्रकरण या अंगानं वाचलं तरच त्यातली खरी मजा कळते.

वादी होती फ्रिगालिमेंट इम्पोर्टिंग कंपनी, स्वित्झर्लंडची आयातदार. प्रतिवादी न्यूयॉर्कची बी. एन. एस. इंटरनॅशनल सेल्स कॉर्पोरेशन. २ मे १९५७ या तारखेचे दोन करार. मालाचं वर्णन साधारण असं: अमेरिकन, ताजं गोठवलेलं चिकन, ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेलं, आतला कोथळा काढून साफ केलेलं, प्रत्येक नग क्रायोव्हॅकच्या पिशवीत स्वतंत्र बांधलेला, निर्यातीला चालतील अशा पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यांत भरलेला. पहिल्या करारात अडीच ते तीन पौंड वजनाच्या नगांचे ७५,००० पौंड, दर शंभर पौंडांना ३३ डॉलर. आणि दीड ते दोन पौंडांच्या नगांचे २५,००० पौंड, दर शंभर पौंडांना साडेछत्तीस डॉलर. दुसऱ्या करारात मोठ्या नगांचे ५०,००० पौंड, लहान नगांचा दर ३७ डॉलर, बाकी सगळं तेच.

पिशवी कुठली, खोकं कसलं, वजन किती, सगळं लिहिलं होतं. पक्ष्याचं वय तेवढं कुठेच नव्हतं.

पहिली खेप मे महिन्यात दोन टप्प्यांत रवाना झाली. स्वित्झर्लंडमध्ये माल उघडला आणि २८ मेला खरेदीदाराच्या लक्षात आलं की लहान नग ठीक आहेत, पण अडीच-तीन पौंडांचे नग कोवळे नाहीत. त्या अंडी देऊन झालेल्या जून कोंबड्या होत्या. इंग्रजीत त्यांना ‘स्ट्यूइंग चिकन’ किंवा ‘फाउल’ म्हणतात, म्हणजे रस्सा-सूप करायला ठीक, भाजायला-तळायला नाही. कित्येक खोक्यांवर आणि पिशव्यांवर तसं स्वच्छ छापलेलंही होतं, म्हणजे लपवाछपवी म्हणावी तर तीही नाही. तारांवर तारा गेल्या. तरीही २९ मेला दुसऱ्या करारातला माल निघाला आणि त्यातले मोठे नगही पुन्हा जून कोंबड्याच. तो माल शेवटी रॉटरडॅमला थांबवण्यात आला आणि मामला कोर्टात गेला.

जून कोंबडी आणि ब्रॉयलर यांत फरक तो काय, असं ज्यांनी दोन्ही शिजवल्या आहेत ते विचारणार नाहीत. ब्रॉयलरच्या छातीच्या हाडाचं टोक कूर्चेचं असतं, बोटानं दाबलं तर वाकतं. जून कोंबडीचं ते टणक झालेलं असतं. मांस चिवट, शिजायला वेळ. आपल्याकडे दुकानात ‘चिकन द्या’ म्हटलं की ब्रॉयलरच तराजूवर चढते, बोलीत आपण तिला ‘बॉयलर’ करून टाकलं आहे. गावठी हवी तर तसं सांगावं लागतं, आणि अंड्यांवरून उतरलेली लेयर कोणी चिकनच्या भावात गळ्यात मारली तर दुकानासमोर तमाशा होतो. म्हणून हे प्रकरण पहिल्यांदा वाचताना मराठी वाचकाचा कल आपोआप स्विस खरेदीदाराकडे जातो. माझाही गेला होता.

न्यायाधीश होते हेन्री फ्रेंडली. १९५९ साली त्यांची नेमणूक अपील न्यायालयावर झाली होती. आधीचं आयुष्य मोठ्या वकिली फर्ममध्ये आणि पॅन अ‍ॅम या विमान कंपनीचे मुख्य कायदेविषयक अधिकारी म्हणून गेलेलं. या खटल्यासाठी ते तात्पुरते खालच्या कोर्टात बसले होते, म्हणजे साक्षीपुरावे त्यांनी स्वतः ऐकले. पुढे अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या अव्वल न्यायाधीशांत त्यांचं नाव घेतलं गेलं. पहिल्याच पानावर त्यांनी आपली भूमिका मांडली, ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे जुने न्यायमूर्ती होम्स यांच्याकडून घेतलेली: करार होतो तो दोघांच्या मनातला हेतू एक असल्यामुळे होत नाही, दोघांनी बाहेर व्यक्त केलेल्या खुणा एक असल्या की तो होतो. दोघांना एकच गोष्ट अभिप्रेत होती का, हा प्रश्न नाही. दोघं एकच गोष्ट बोलले का, एवढंच पाहायचं.

इथे दोघंही एकच शब्द बोलले होते. पंचाईत तीच होती.

शब्दकोशाकडे गेलं तर दोन्ही अर्थ सापडतात. कोवळा पक्षी हाही आणि त्या जातीचा कुठल्याही वयाचा पक्षी हाही. ‘आणि आणखी काही, ज्यांचा इथे संबंध नाही,’ असं फ्रेंडली कोरडेपणानं म्हणून जातात. भित्रा माणूस हा त्यातलाच एक. स्विस कंपनीला आपल्या बाजूनं एक गोष्ट मांडता आली असती: जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ कोंबडीचं पिल्लू असाच होता. वयात आलेल्या पक्ष्याला हेन, कॉक, फाउल अशी वेगळी नावं होती. शब्द पसरत पसरत साऱ्या जातीचं नाव झाला तो नंतर.

पण जुना अर्थ कुठला, यापेक्षा १९५७ साली अमेरिकेच्या बाजारात काय चाललं होतं हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि निकालपत्र नेमकं त्याबद्दल गप्प आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कोंबडी पाळली जायची ती मुख्यतः अंड्यांसाठी. खायला मिळायचं ते उरलेलं: नको असलेले नर आणि अंडी द्यायची थांबलेल्या माद्या. फक्त मांसासाठी कोंबडी वाढवायचा धंदा डेलावेअरमध्ये उभा राहिला. तिथल्या ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईंनी १९२३ साली पन्नास पिल्लं मागवली आणि चुकून पाचशे आली. त्यांनी ती वाढवून मांसासाठी विकली, ही गोष्ट त्या धंद्यात अजून सांगतात. पुढं १९५२ साली खास मांसासाठी पैदास केलेल्या ब्रॉयलरनी शेतावरच्या कोंबड्यांना अमेरिकेत मागे टाकलं. आपला करार त्यानंतर पाचच वर्षांनी झाला. म्हणजे शब्द जागेवरून हलत होता. ज्याचा धंदा ब्रॉयलरचा, त्याच्या तोंडी चिकन म्हणजे ब्रॉयलर. ज्यानं जून कोंबड्याही सोलून विकल्या, त्याच्या तोंडी चिकन म्हणजे सगळंच. साक्षीदार खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. ज्याचं त्याचं चिकन वेगळं होतं.

खरेदीदाराचा पहिला युक्तिवाद करारातूनच काढलेला होता आणि तो तसा बरा होता. दीड-दोन पौंडांची जून कोंबडी मिळतच नाही, तेव्हा लहान नग कोवळेच असणार. एकाच वाक्यात एकच शब्द दोन वजनांना लावला असताना एका ठिकाणी कोवळं आणि दुसऱ्या ठिकाणी जून, असा अर्थ कसा घेता येईल? फ्रेंडलींनी हे मान्य केलं नाही. दोन आकारांची सफरचंदं मागवली आणि दोन्ही आकारांत एकच वाण मिळत असलं, तरी दोन आकारांसाठी दोन वाणांची सफरचंदं दिली म्हणून करार मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. तर्क बरोबर आहे, पण सफरचंदाच्या वाणात आणि कोंबडीच्या वयात थोडा फरक आहे. तीन पौंडांचं आंबट सफरचंद कोणी सूप करून खात नाही.

दुसरा युक्तिवाद भाषेचा, आणि प्रकरणातला सगळ्यात चवदार भाग हाच. दोन्ही बाजूंची माणसं जर्मन जाणणारी. करारापूर्वीच्या तारा जवळजवळ सगळ्या जर्मनमध्ये होत्या, पण ‘चिकन’ हा शब्द मात्र मुद्दाम इंग्रजीत ठेवलेला. का? खरेदीदार म्हणाला: जर्मनमध्ये ‘हून’ म्हटलं की त्यात भाजायची ‘ब्राटहून’ही येते आणि सूपची ‘झुप्पेनहून’ही. तो घोळ टाळायला आम्ही इंग्रजी शब्द वापरला, कारण इंग्रजीत चिकन म्हणजे कोवळंच. तुम्हाला जर्मन चांगलं येतं, तुम्हाला हे कळायला हवं होतं.

म्हणजे एका भाषेतल्या संदिग्ध शब्दाला टाळण्यासाठी दुसऱ्या भाषेतला शब्द घेतला, आणि तोही तितकाच संदिग्ध निघाला.

विक्रेत्याच्या माणसानं यावर साक्ष दिली ती अशी. खरेदीदाराच्या न्यूयॉर्कमधल्या एजंटाला त्यानं विचारलं होतं की कसल्या प्रकारचं चिकन हवंय? उत्तर आलं, कुठलंही. मग त्यानं जर्मनमध्ये विचारलं, तारेत म्हटलंय ते ‘हून’ का? एजंट म्हणाला, हो. तो एजंट खटल्यात साक्षीला आला नाही, त्यामुळे हे खोडून काढायला समोर कोणी नव्हतं. खरेदीदारानं दोन आक्षेप घेतले. एक, हा साक्षीदार १९५९ सालच्या जबानीत वेगळं बोलला होता. फ्रेंडलींनी ती जबानी पुन्हा वाचली. त्यांना विसंगती दिसली नाही. दुसरा, आमच्या तारेचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या एजंटाला नव्हताच. याला त्यांनी दिलेलं उत्तर निकालपत्रातलं सगळ्यात धारदार आहे. आपली तार हाच या कराराचा शब्दकोश, असं म्हणायचं, आणि तो शब्दकोश ज्याच्या हातात दिला त्यानं लावलेला अर्थ मात्र नाकारायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येणार नाहीत.

मग आली व्यापारी रूढी. पोल्ट्रीच्या धंद्यात चिकन म्हणजे कोवळंच असा रिवाज आहे, असं खरेदीदाराला दाखवायचं होतं. इथे एक कायदेशीर अडथळा होता. प्रतिवादी कंपनी १९५७ साली या धंद्यात नवखी होती. नवख्या माणसाला धंद्याची रूढी लागू करायची तर त्याला ती खरोखर माहीत होती असं दाखवावं लागतं, किंवा मग रूढी इतकी सर्वज्ञात असावी लागते की ती माहीत नसणं शक्यच नाही. त्यासाठी साक्षीदार बोलावले.

पहिला, एका मोठ्या स्विस सहकारी साखळीसाठी न्यूयॉर्कमध्ये राहून खरेदी करणारा. तो ठामपणे म्हणाला, चिकन म्हटलं की मी ब्रॉयलरच समजेन. पण तो स्वतः ऑर्डर देताना काय लिहायचा? ब्रॉयलर हवी तर ‘ब्रॉयलर’, जून हवी तर ‘फाउल’. स्वतःच्या पैशांची वेळ आली की ‘चिकन’ या शब्दावर तो विसंबत नव्हता. फ्रेंडलींनी इथे अठराव्या शतकातले इंग्लिश न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या एका शेऱ्याचा दाखला दिला: रूढीची साक्ष देणाऱ्याला ती रूढी वापरल्याची उदाहरणं देता आली नाहीत तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. इतकं टोक त्यांनी गाठलं नाही, पण जो माणूस आपल्या व्यवहारात त्या रूढीवर कधीच विसंबत नाही, त्याच्या मताचं वजन बरंच कमी होतं, हे त्यांनी नोंदवलं.

दुसरा साक्षीदार त्याहून गमतीचा. ज्या कंपन्यांनी प्रतिवादीला जून कोंबड्या पुरवल्या, त्यांतल्याच एकीचा अधिकारी. तो म्हणाला, चिकन म्हणजे पोल्ट्रीतला नर. ब्रॉयलर, फ्रायर म्हणजे तळायचा, रोस्टर म्हणजे भाजायचा, काहीही, पण जून कोंबडी नाही. ब्रॉयलरमध्ये माद्याही असतात, ते सोडून देऊ. प्रतिवादीनं त्याच्याकडे ‘चिकन’ची चौकशी केली तेव्हा त्यानं काय केलं? विचारलं, फाउल हवी की तळायचं चिकन? आणि प्रत्यक्षात पुरवली फाउलच. वर आणखी एक खबरदारी. खरेदीदारानं करार स्वीकारल्यावर एक-दोन दिवसांतच त्यानं प्रतिवादीकडे मागणी केली की तुमच्या ऑर्डर कन्फर्मेशनमध्ये ‘चिकन’ लिहिलंय, ते बदलून ‘स्ट्यूइंग चिकन’ करून द्या.

या माणसाबद्दल मला फार आदर आहे. सबंध व्यवहारात शब्दाचा धोका ओळखून तो कागदावर बुजवणारा हा एकटाच. त्याची साक्ष खरेदीदाराच्या बाजूनं होती, पण त्याच्या वागण्यानं ती खरेदीदारावरच उलटवली. एक गोष्ट मात्र मला खटकते. ही दुरुस्तीची मागणी प्रतिवादीच्या हातात पडली होती. म्हणजे मालाच्या नावाबद्दल गोंधळ होऊ शकतो, हे त्या नवख्या कंपनीला माल निघण्यापूर्वीच कळायला हवं होतं. स्वतःच्या पुरवठादारासाठी त्यांनी शब्द दुरुस्त करायचा, आणि स्वतःच्या ग्राहकाला एक ओळ तार करायची नाही, यात कायद्यानं दोष नसेल. पण हे काही भलेपणाचं लक्षण नव्हे.

खरेदीदारानं आणखी कागद आणले. पोल्ट्रीचे रोजचे भाव छापणारी पत्रकं, एका मोठ्या पुरवठादाराची दरपत्रकं. त्यांत ‘चिकन’ आणि ‘फाउल’ असे वेगळे रकाने होते. उलट काही पुरावा नसता तर हे प्रभावी ठरलं असतं, असं फ्रेंडली म्हणतात. पण उलट पुरावा होता. न्यू जर्सीत कोंबड्या साफ करण्याचा कारखाना चालवणाऱ्या एका साक्षीदारानं प्रतिवादीच्या बाजूनं सांगितलं: हंस, बदक आणि टर्की सोडून सगळंच चिकन, फक्त तुम्हाला त्यातलं कुठलं हवंय ते सांगावं लागतं. आणि मग सरकारी नियम. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमांत चिकनचे सहा वर्ग दिले होते: ब्रॉयलर किंवा फ्रायर, रोस्टर, केपन म्हणजे खच्ची केलेला कोंबडा, स्टॅग म्हणजे वयात येणारा नर, हेन किंवा स्ट्यूइंग चिकन किंवा फाउल, आणि म्हातारा कोंबडा. करारात ‘ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेलं’ असं लिहिलेलं असल्यामुळे हे नियम आडून का होईना करारात आले, असं प्रतिवादीचं म्हणणं होतं. खरेदीदार म्हणाला, धंद्यात ते नियम कोणी विचारात घेत नाही. पण ज्या तपासणीची अट आपणच घातली, त्या तपासणीचे नियम कोणी पाहत नाही असं म्हणणं जरा अवघडच.

माझ्या मते खटल्याचा काटा फिरला तो भावावर. एप्रिल १९५७ च्या शेवटी अडीच-तीन पौंडांच्या ब्रॉयलरचा बाजारभाव पौंडाला ३५ ते ३७ सेंट होता, यावर दोन्ही बाजूंचा फारसा वाद नव्हता. करारातला दर ३३ सेंट. प्रतिवादीनं जून कोंबडी घेतली ती ३० सेंटनं. आता गणित मांडा. दोन्ही करारांत मिळून मोठ्या नगांचे सव्वा लाख पौंड. जून कोंबड्या दिल्या तर पौंडामागे तीन सेंट, म्हणजे सगळा खर्च बाजूला ठेवला तर ३,७५० डॉलर हातात. ब्रॉयलर दिल्या तर किमान २,५०० डॉलरांची खोट. खरेदीदाराच्या वकिलांनी लेखी म्हणण्यात एक विचित्र मुद्दा मांडला: ३३ हा आकडा ३० पेक्षा ३५ च्या जास्त जवळ आहे, म्हणून आम्हाला ब्रॉयलरच अभिप्रेत होत्या. फ्रेंडलींनी यावर एवढंच विचारलं की विक्रेता थोडा तरी नफा काढेल अशी तुमची अपेक्षा असणार. तो जाणूनबुजून तोट्यात जाईल अशी तरी खचितच नसणार.

आणि हे बाजारभाव खरेदीदाराला माहीत नव्हते म्हणावं, तर त्यानं २३ एप्रिललाच जहाजावर जागा राखून ठेवली होती. जो माणूस जहाजाची जागा बुक करतो, तो बाजाराचा भाव पाहत नाही, हे पटायला अवघड आहे. शेवटी न्यायाधीशांनी खरेदीदाराला भाव माहीत होता का, यावर ठाम निष्कर्ष काढला नाही. पण विक्रेत्याला तो माहीत होता आणि त्याच हिशोबानं त्यानं करार केला, हे मात्र मान्य केलं.

मे महिन्याच्या शेवटच्या तारांवरूनही वाद झाला. २८ मेला खरेदीदाराची तक्रार गेल्यावर विक्रेत्यानं कळवलं: ‘चिकन’ अडीच-तीन पौंडांचं ५०,००० पौंड आणि ‘ब्रॉयलर’ दीड-दोन पौंडांच्या २५,००० पौंड तयार आहेत, पाठवू का? या तारेत त्यानं दोन वजनांना दोन शब्द लावले. करारात असे दोन शब्द असते तर खटलाच उभा राहिला नसता. खरेदीदारानं उलट तार केली: पाठवा, आम्ही पुढे विकून बसलोय, करारातलं ग्रेड ए चिकनच द्या, होणाऱ्या खर्चाला तुम्ही जबाबदार. विक्रेता म्हणाला, पाहा, मोठे नग ब्रॉयलर नाहीत हे कळूनही यांनी माल मागवला. खरेदीदार म्हणाला, आम्ही कोवळाच माल मागत होतो, तुम्ही जून पाठवला तो तुमच्या जोखमीवर. अर्थ ठरवायला या तारांचा उपयोग नाही, असं सांगून फ्रेंडलींनी दोन्ही म्हणणी बाजूला ठेवली. खरेदीदारानं काही जून कोंबड्या युरोपात ‘पुले’ (कोवळ्या कोंबडीसाठीचा फ्रेंच शब्द) म्हणून खपवल्याही होत्या आणि ग्राहक ओरडल्यावरच त्यांना कोवळ्याचा अर्थ सुचला, असाही आरोप झाला. तक्रार पहिल्यापासून सारखीच होती, म्हणून तोही त्यांनी उचलला नाही.

निकाल असा: विक्रेत्याला खरोखर वाटत होतं की जून कोंबडी दिली तरी करार पाळला जातो. त्याच्या मनात काय होतं याला एरवी किंमत नाही. पण त्याच्या मनातला अर्थ शब्दकोशातल्या एका अर्थाशी, कृषी खात्याच्या नियमांशी, धंद्यातल्या निदान काही लोकांच्या बोलण्याशी, बाजारभावाशी आणि खरेदीदाराच्या एजंटाच्या उत्तराशी जुळत होता. खरेदीदाराच्या मनात काय होतं, हे ठरवायची गरजच नाही. ‘चिकन’ अरुंद अर्थानं वापरलं हे सिद्ध करायची जबाबदारी वादीवर होती, ती त्यानं पार पाडली नाही. दावा फेटाळला.

हे सगळं वाचताना मुंबईच्या कापसाची आठवण येतेच. १८६४ साली इंग्लंडच्या कोर्टात ‘पिअरलेस’ नावाच्या जहाजाचं प्रकरण आलं: मुंबईहून पिअरलेस जहाजानं येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गासड्यांचा सौदा. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला. पण मुंबईहून पिअरलेस नावाची दोन जहाजं निघाली होती, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. खरेदीदाराच्या मनात पहिलं, विक्रेत्याच्या मनात दुसरं. कोर्टानं कारणं न देताच निकाल खरेदीदाराच्या बाजूनं दिला, आणि पुढे वकिलांनी त्याचा अर्थ असा लावला की दोघांचे अर्थ वेगळे, कुणाचाच दोष जास्त नाही, तेव्हा करार झालाच नाही.

भारतीय करार कायदा आला १८७२ साली. त्याच्या तेराव्या कलमात संमतीची व्याख्या आहे: एकाच गोष्टीला एकाच अर्थानं होकार देणं. होम्स यांच्या ‘बाहेरच्या खुणां’पेक्षा ही भाषा मनातल्या अर्थाकडे जास्त झुकते. एकोणतिसाव्या कलमातली उदाहरणं तर इथे चपखल बसतात. ‘शंभर टन तेल’ विकायचा करार, कुठलं तेल याचा काहीच पत्ता नाही: करार रद्दबातल. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी असेल तर त्याच्या धंद्यावरूनच तेल कुठलं ते कळतं, आणि करार टिकतो. आपल्या खटल्यातला विक्रेता कुठल्याच तेलाचा व्यापारी नव्हता, धंद्यात कालपरवा आलेला. त्याच्या धंद्यावरून काही ठरवणं शक्य नव्हतं.

आजचा स्विस खरेदीदार आणि आजचा अमेरिकन विक्रेता असते, तर आंतरराष्ट्रीय मालविक्रीवरचा १९८० चा संयुक्त राष्ट्रांचा करार लागू झाला असता. दोन्ही देश त्यात आहेत, भारत नाही. त्यातल्या आठव्या कलमाप्रमाणे एकाच्या मनातला हेतू दुसऱ्याला माहीत असला, किंवा माहीत नसणं शक्यच नसलं, तर तो हेतूही धरला जातो. मग त्या पुरवठादारानं मागितलेली ‘स्ट्यूइंग चिकन’ची दुरुस्ती निकालात बरीच वर आली असती, असं मला वाटतं.

फ्रेंडली स्वतः या निकालावर फार काळ समाधानी राहिले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, एका वेगळ्या खटल्यात अपील न्यायालयाच्या बहुमताशी असहमत होताना त्यांनी नोंदवलं की चिकनचं प्रकरण दुसऱ्या पायावर उभं करणं कदाचित बरं झालं असतं: दोघांना दोन अर्थ अभिप्रेत होते आणि दोन्ही रास्त होते, असं म्हणून. तोटा मात्र तरीही वादीच्याच अंगावर ठेवायचा, कारण विक्रेत्यानं आपल्या अर्थावर विसंबून माल घेतला आणि पाठवला, आणि त्यात त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

पिअरलेसच्या वाटेनं गेलं तरी तोटा खरेदीदाराचाच, पण कारण वेगळं. पहिल्या निकालात विक्रेत्याचा अर्थ टिकला असा भास होतो. दुसऱ्यात कुणाचाच टिकत नाही. फरक कळायला बाजू उलटवून पाहा. समजा, खरेदीदारानं पहिली खेप उघडून लगेच माल नाकारला असता, पैसे अडवले असते, आणि न्यूयॉर्कची कंपनी वसुलीसाठी वादी म्हणून आली असती. तेच साक्षीदार, त्याच तारा, तेच ३३ सेंट. आता चिकन व्यापक अर्थानं वापरलं, हे सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावर. समोर भाव छापणारी पत्रकं, ‘चिकन म्हणजे ब्रॉयलर’ म्हणणारा स्विस खरेदीदार, आणि ऑर्डरमधला शब्द बदलून मागणारा तिचाच पुरवठादार. तीही बहुधा हात हलवत परत गेली असती, आणि निकालपत्राचं पहिलं वाक्य तेच राहिलं असतं.